गाडीच्या तोंडी सोनं

आमची गाडी सोसायटीच्या फाटकातून निघताना कधी म्हणून बंद पडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मला तिचा सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा यायचा. फाटकातून ती अशी ऐटीत निघायची की बघणाऱ्याला वाटावं, कालच शोरूममधून आणलीय. शेजारणी गॅलरीतून हात हलवायच्या. पर्वत पाटिया मागे पडली, यंत्रमागांचे कारखाने सुरू झाले, कडोदरा जवळ आलं की मग बाईसाहेब दोन आचके द्यायच्या आणि रस्त्यातच गप्प बसायच्या. मागे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून उभे, आणि पुढे मी पदर खोचून, बॉनेट उघडून आत बघत उभी. आत बघून मला काय डोंबल कळणार होतं? पण बॉनेट उघडं दिसलं की लोक जरा कमी शिव्या देतात, एवढं अनुभवाने कळलं होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही सुरतेत, नवागामच्या अलीकडे एका सोसायटीत राहायचो. सोसायटीत निम्मी घरं खानदेशातली, उरलेली आमच्यासारखी कुठून कुठून नोकरीपायी आलेली. नवरा रेल्वेत, त्याची ड्युटी पाळ्यांची. मी बारडोलीला एका बँकेत. घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्या चाळीसगावकडच्या. बाहेरच्यांशी जपून शुद्ध बोलायच्या आणि घरात आल्या की चप्पल काढावी तशी ती भाषा दाराशी काढून ठेवून अहिराणीत शिरायच्या. मी नाशिकची. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी त्यांच्या बोलण्याला नुसती मान हलवली. नंतर सगळं समजायला लागलं, आणि मान हलवणं किती धोक्याचं होतं तेही समजलं.

बारडोलीची बस म्हणजे रोज अंगाचं भरीत. कधी दारात लटकणं, कधी कुणाच्या उसाच्या मोळीवर बसणं. एक दिवस घरी आल्यावर मी जाहीर करून टाकलं की मी गाडी घेणार. एक डॉक्टर गाव सोडून मुलाकडे चालले होते, त्यांची जुनी गाडी होती. बदामी रंगाची, गोल दिव्यांची, गिअर स्टिअरिंगलाच असलेली. माझ्या पगारातून घेतली, माझ्या नावावर घेतली. नवरा डुमसच्या रस्त्यावर रविवारी सकाळी मला शिकवायला बसायचा. ब्रेक माझ्या पायाखाली होता, पण दाबायचा तो. शेजारच्या सीटवर बसून त्याने पाय रोवून रोवून खालचं रबर झिजवलं.

आमच्या मोठ्या दिरांना हे सगळं सुरुवातीपासून नापसंत. भाऊजी कापड बाजारात दलाल होते, बोलण्यात हुकूम होता. "बायकांनी गाडीत बसावं. चालवायला माणसं मिळतात," असं ते चहा पिता पिता म्हणायचे. हे ते माझ्याकडे बघून कधीच म्हणाले नाहीत, नेहमी बशीकडे बघून म्हणाले. मी मनात म्हणायची, बशी चालवत नाही हो गाडी, मी चालवते.

खरं सांगायचं तर गाडी मला प्रवासापुरती नको होती. मी माहेरी चौघांत धाकटी, सासरी धाकटी सून. आयुष्यभर मला कुणीतरी कुठेतरी नेलं होतं आणि कुणीतरी आणलं होतं. त्या स्टिअरिंगच्या मागे बसलं की पहिल्यांदा मी कुणालातरी नेत होते. उसाच्या शेतांमधून बारडोलीकडे जाताना खिडकीची काच खाली असायची, साखर कारखान्याचा तो गोडसर आंबूस वास यायचा आणि मी मोठ्याने गायची. मला गाता येत नाही. गाडीने कधी तक्रार केली नाही.

तक्रारी तिच्या दुसऱ्याच होत्या. पहिल्या उन्हाळ्यात रेडिएटर उकळला. मग क्लच प्लेट गेली. मग ब्रेक. एक दरवाजा आतून उघडायचा, एक फक्त बाहेरून, आणि मागचा एक त्याच्या मनात आलं तर. आमचा फ्रिज त्या गाडीत गेला, म्हणजे फ्रिजसाठी बाजूला ठेवलेलं सगळं गेलं. माझी दिवाळीची साडी गेली, माथेरानची सहल गेली. गॅरेजवाल्याने त्याच सुमाराला घरावर मजला चढवला. नवरा म्हणायचा, एक दिवस जाऊन त्या मजल्यावर राहून येऊ, आपलाच आहे. पण एकेक दुखणं निस्तरत गाडी दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत खरंच ठणठणीत झाली. इतकी की मी गॅरेजवाल्याला विसरले.

म्हणून तो दसरा आम्ही दणक्यात केला. गाडी धुतली, पुसली, झेंडूचे हार घातले. चाकांखाली लिंबं ठेवली. सासूबाईंनी ताट घेतलं आणि मी चक्का फेटत होते तिथे येऊन किल्ल्या मागितल्या. स्टिअरिंगला कुंकू लावायचं असेल असं वाटून मी हातातली रवी न सोडता कोपराने खुंटी दाखवली. खिडकीतून मला दिसत होतं, त्या गाडीभोवती फिरत होत्या, पुटपुटत होत्या. मागच्या बाजूला त्या बराच वेळ थांबल्या. डिकीलाही ओवाळत असतील, असं मला वाटलं. त्यांचा या गाडीवर भारी जीव. भाऊजी गाडीला डबडं म्हणाले की त्या उठून आत जायच्या.

दसरा झाला आणि आठवडा उलटायच्या आत गाडीला ते नवं दुखणं लागलं. रस्त्यात मध्येच बंद पडायचं. पडायची आणि थोडा वेळ उभी राहिली की आपोआप चालू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजात नेली की मग तर विचारूच नका. तिथे ती अशी गुरगुरायची की गॅरेजवाला माझ्याकडेच संशयाने बघायचा.

"बेन, पंप गयो," तो म्हणाला. नवा पंप बसवला. गाडी कडोदऱ्याला बंद.

"बेन, कार्बोरेटर." कार्बोरेटर बदलला. गाडी कडोदऱ्याच्या अलीकडे बंद.

मग कॉइल, मग प्लग, मग वायरिंग. पेट्रोलमध्ये कचरा येत असेल म्हणून नळीत एक काचेची छोटी गाळणी बसवली. ती मी रोज बघायची. आत एक कण नाही, आरशासारखी स्वच्छ. गॅरेजवाला तोंडाने नळीत जोरात फुंकायचा आणि म्हणायचा, "हवे कंई नहीं थाय," आता काही होणार नाही. फुंकल्यावर गाडी दोन दिवस खरोखर सुतासारखी चालायची. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा पदर खोचून बॉनेटसमोर. बँकेत साहेब मला विचारायचे, आज कुठपर्यंत आली? मला इतका संताप यायचा की एकदा मी तिच्या चाकाला लाथ घातली. पायाचं बोट सुजलं आणि गाडी चालू झाली.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा भाऊजींनी घरी येऊन निकाल दिला. कडोदऱ्याला त्यांच्या ओळखीचा एक कारखानदार होता, त्याला सुताच्या कोनांची, म्हणजे रिळांची, पोती वाहायला एखादी जुनी गाडी हवी होती. मागची सीट काढून टाकणार होता. "रविवारी गाडी तिथे पोचती करायची," भाऊजी म्हणाले. "पुढे जमलं तर नवी घेऊ. मी बघतो, तो चालवेल." तो म्हणजे माझा नवरा. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही थकवा आला होता, मला दिसत होतं. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." पण हे त्याने इतक्या हळू म्हटलं की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. आणि मी काय म्हणणार होते? माझ्या बाजूने साक्ष देणारी एकटी गाडी, आणि ती रोज उलट साक्ष देत होती. मी हो म्हटलं. त्या रात्री मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

एक अट मात्र मी घातली. पोचती मीच करणार.

रविवारी नवऱ्याची ड्युटी होती. भाऊजी स्कूटरवर पुढे गेले. मी निघाले तर सासूबाई जरीची साडी नेसून, हातात रुमालाने झाकलेलं ताट घेऊन गाडीजवळ उभ्या. मी येणार, म्हणाल्या. लेक सासरी धाडताना घरातलं कुणी सोबत जातं की नाही? मी नुसतं दार उघडून दिलं. बोलले असते तर रडले असते. त्या माझ्या शेजारी बसल्या, ताट मांडीवर घेऊन. गाडी नेहमीच्या ऐटीत फाटकातून निघाली. शेजारणींनी या वेळी हात हलवले नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. सगळ्यांना ठाऊक होतं.

कडोदऱ्याच्या अलीकडे दोन आचके. बंद.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. शेवटच्या दिवशीसुद्धा तिला राहवलं नाही. सासूबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. रस्त्याच्या कडेला बाभळीची सावली होती, माणसं नव्हती. त्या म्हणाल्या, बरं झालं इथेच थांबली, त्या कारखान्यात परक्या माणसांसमोर ओवाळायला मला लाज वाटली असती. त्या उतरल्या, गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं. मग ताटातला गूळ-खोबऱ्याचा तुकडा उचलून मागच्या बाजूला गेल्या आणि तिथून हाक मारली.

"चावी दे वं. तिनं तोंड उघडनं शे."

मी खाली उतरले. "कुणाचं तोंड?"

त्यांनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवलं. खरंच, दुसरं कुठलं तोंड असणार? गाडी जिथून खाते तेच तोंड. जाणाऱ्या लेकीच्या तोंडात गोड घास घालायचा असतो.

"आई, पेट्रोलमध्ये गूळ घालतात का?"

"कसाले नही? दसराले मी दिधं व्हतं ना. काय व्हयनं मंग?"

मी तिथेच उभी राहिले. एक ट्रक इतक्या जवळून गेला की पदर उडाला, पण मी हलले नाही. "काय दिलं होतं दसऱ्याला?"

"सोनं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या जणू मीच खुळी झाले. "दुसरं काय देतस दसराले?"

सोनं म्हणजे आपट्याची पानं. घरात सगळ्यांची सोन्याची देवघेव झाली, मग गाडीने काय घोडं मारलं होतं? म्हणून त्यांनी खुंटीवरची चावी लावून टाकीचं झाकण उघडलं होतं आणि तिच्या तोंडी आपट्याची पानं दिली होती. आत बोटाने ढकलली होती, नीट पोचावीत म्हणून. ते चामड्यासारखं पान पेट्रोलमध्ये महिनोन् महिने तरंगत होतं. पंपाने ओढ घेतली की कधीतरी नळीच्या तोंडाशी जाऊन झाकणासारखं चिकटायचं, गाडी बंद. गाडी बंद पडली की ओढ थांबायची, पान सुटून पुन्हा तरंगायला लागायचं, गाडी चालू. गॅरेजवाला फुंकायचा तेव्हा ते पार टाकीच्या दुसऱ्या टोकाला जायचं. आणि गाळणीत काय दिसणार? पान नळीत शिरतच नव्हतं. पंप, कार्बोरेटर, कॉइल, प्लग, वायरिंग आणि चाकाला घातलेली ती लाथ, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून एका ओळीत गेलं.

मला हसू यायला लागलं. आधी पोटात, मग घशात, मग मला बॉनेटचा आधार घ्यावा लागला. सासूबाई घाबरल्या. मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला गूळ-खोबऱ्याचा तुकडा खाली पडला. त्यांचा चेहरा इतका उतरला की माझं हसू जागच्या जागी थांबलं. "मन्हा हातेच," एवढंच त्या पुटपुटल्या. मी त्यांना धरून गाडीत बसवलं आणि म्हटलं, आई, रडायचं नाही. आज आपण हिला सोडवायला निघालोय.

गाडी अर्थात एव्हाना चालू झालीच. कडोदऱ्याच्या नाक्यावर जे पहिलं गॅरेज दिसलं तिथे मी ती नेली. टाकी डिकीत असते. ती काढायची, उलटी करायची, म्हटलं. तिथल्या कारागिराने आधी पंप बघतो म्हणून सुरुवात केली. मी म्हटलं, पंपाला हात लावशील तर बघ. माझा आवाज ऐकून तो मुकाट्याने पान्हा घेऊन डिकीत शिरला.

टाकी उतरवून पालथी केली. पेट्रोल पत्र्याच्या घमेल्यात पडलं, आणि त्याच्या मागोमाग, काळपट पडलेली पण अगदी शाबूत, दोन पाकळ्यांची ती पानं एकामागून एक बाहेर आली.

"आ शुं छे?" कारागीर म्हणाला.

"सोनं," मी म्हटलं.

तेवढ्यात भाऊजी स्कूटरवरून शोधत आले. कारखानदार वाट बघून कंटाळला होता, आणि इथे गाडीची टाकी जमिनीवर. ते तिथूनच सुरू झाले, हा काय तमाशा, लोकांपुढे माझं तोंड काय राहिलं. मी त्यांना बोलू दिलं. टाकी बसली, पेट्रोल गाळून परत भरलं, मी किल्ली फिरवली. मग मी खिडकीतून म्हटलं, "भाऊजी, बसा. बारडोलीला जाऊन येऊ. वाटेत एकदा जरी थांबली तर येताना मी स्वतः कारखान्यात नेऊन देते. नाही थांबली तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

स्कूटर गॅरेजातच ठेवून ते बसले. मागे बसले, कारण पुढची सीट सासूबाईंची होती. माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. मागचा तो दरवाजा त्या दिवशी त्याच्या मनात आलं म्हणून उघडला.

त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता. कुठे ती थांबली होती, कुठे मला पाणी देणारी माणसं भेटली होती, कुठे मी लाथ घातली होती, सगळी ठिकाणं एकेक करून मागे जात होती. दर ठिकाणी मी आचक्याची वाट बघायची आणि गाडी पुढे निघून जायची. सासूबाई डोळे मिटून ओठ हलवत होत्या. पलसाण्याकडचा फाटा गेला. ऊस सुरू झाला. मी काच खाली केली. मला गायचं होतं, पण दिरांसमोर कसं गाणार? मग विचार केला, गाडी कुणाची? आणि गायले. बेसूर, मोठ्याने, बारडोलीचं पहिलं घर दिसेपर्यंत.

बारडोलीला आम्ही पातरा खाल्ला, म्हणजे आपली अळूवडीच, पण तिथे तिचा थाट वेगळा. सासूबाईंनी मला इंजिन बंद करू दिलं नाही. त्यांनी गाडीतच बसून खाल्ला, राखण करत. परत येताना कडोदऱ्याच्या त्या कारखान्यासमोरून मी गाडी मुद्दाम सावकाश नेली आणि हॉर्न दिला. थांबले मात्र नाही.

फाटकातून आत शिरलो तेव्हा सगळी सोसायटी खाली उतरली. नवरा ड्युटीवरून येऊन पायरीवर बसला होता, तो धावतच आला. त्याने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चक्क टाळ्या वाजवल्या. भाऊजी उतरून विचारायला लागले, शेवटी झालं तरी काय होतं? गॅरेजात मी त्यांना काही सांगितलं नव्हतं आणि आताही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सासूबाईंना सगळ्यांसमोर कशाला? मी म्हटलं, "काही नाही, टाकीत कचरा होता."

"कचरा कसाना?" सासूबाई गाडीतून उतरता उतरता कडाडल्या. सगळी सोसायटी ऐकत होती. "सोनं व्हतं ते. मीच घालेल व्हतं."

भाऊजींनी खाली पाहिलं. आईला काय बोलणार? ते बशी शोधत होते, पण तिथे बशी नव्हती.

गाडी त्यानंतरही काही साध्वी झाली नाही. रेडिएटर पुन्हा उकळला, सायलेन्सर एकदा भर बाजारात गळून पडला. पण ती माझी राहिली, आणि मी तिच्या स्टिअरिंगमागे राहिले.

पुढच्या दसऱ्याला पुन्हा हार, लिंबं, ताट. टाकीची चावी मी गळ्यातल्या साखळीत अडकवून टाकली होती, हे सासूबाईंना माहीत होतं. त्यांनी गाडी ओवाळली. ताटात आपट्याची पानं होती. सवयीने त्यांचे पाय मागच्या बाजूला वळले, झाकणापाशी थांबले. मी स्टिअरिंगमागे बसून आरशातून बघत होते. आमच्यात सोनं धाकट्याने मोठ्याला द्यायचं, वाकून, पाया पडून. मोठ्यांनी आशीर्वाद द्यायचा. मी माझं सोनं त्यांना सकाळीच दिलं होतं. त्या हळूहळू पुढे आल्या, माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि माझा हात ओढून तळव्यावर एक पान ठेवलं.

"हाई गाडीनं सोनं," त्या म्हणाल्या. "तुन्हा हातमा देस. तिले पोची जाई."